जवसाच्या तेलातला कडा

गाडीत बसल्यापासून आईने बाटली मांडीवर घट्ट धरली होती. लाकडी घाण्याचं जवसाचं तेल. हल्ली सांगलीत ते तब्येतीसाठी म्हणून विकतात, सकाळी उपाशीपोटी चमचाभर घ्या म्हणतात. आईला ते प्यायचं नव्हतं. इस्लामपूर मागं पडलं, पेठ नाक्याला हायवे लागला, तरी तिची पकड सैल होईना. बुचाच्या कडेने थोडं तेल झिरपलं होतं आणि बंद काचांच्या आत त्याचा वास भरून राहिला होता. थोडा कडसर, थोडा मासळीसारखा म्हणावा असा, आणि तरीही गोड. त्या वासाने मी स्टिअरिंगवरच्या हातांसकट परकर-पोलक्यातली झाले.

"काच खाली करू का गं?" मी विचारलं.

"नगो. वास जाईल," आई म्हणाली.

आम्ही मलकापूरला निघालो होतो. कराडला लागून असलेल्या त्या गावात आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तेलघाणा होता आणि घाण्यामागं घर. घाणा कधीच गेला, आण्णाही गेले, आणि आता घरही दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली नव्या माणसांच्या हातात पडायची होती. भांडीकुंडी, कपाटं सगळं आधीच हललं होतं. माळ्यावर फक्त एक चित्र राहिलं होतं, आणि ते आणायला आई स्वतः येणार म्हणून हटून बसली होती. नुसतं आणायला नव्हे. "डोळं हाईत तवर त्यो कडा नीट करायचा हाय," असं तिने मला आदल्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

डोळ्यांचं म्हणजे असं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. आईने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. "बघाय गेलं की पळतंय, न्हाई बघितलं की दिसतंय. मांजरावानी." माझ्याशी बोलताना ती आता माझ्या कानाकडे बघते, म्हणजे तिला माझं तोंड दिसतं. पहिल्या पहिल्यांदा मी मागं वळून पाहायची, कुणी आलंय की काय म्हणून.

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं ती लहानपणापासून म्हणत आलीय. कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते तिथली पोरंसुद्धा म्हणतात, बाई खुर्चीवर कधी बसतात ते एकदा दाखवा. पण त्या दिवसांतली माझी तगमग वेगळी होती. आईच्या चित्रात काय चुकलंय, ते मला कळलं होतं. गेल्या थंडीत कळलं होतं, आणि मी ते अजून तिला सांगितलं नव्हतं.

आधी चित्राचं सांगते. समुद्र, मावळतीचा सूर्य आणि उजव्या हाताला पाण्यात घुसलेला एक उंच कडा, बसलेल्या बैलासारखा, वर वशिंड आलेला. दाराच्या अर्ध्या फळीएवढं चित्र. त्याचं कापड आईच्या माहेरचं, माधवनगरचं. तिचे वडील कापडगिरणीत होते, आणि माहेरपणाहून परतताना तिच्या पिशवीत साडीचोळीबरोबर मांजरपाटाचा एक तुकडा हमखास असे. त्याला खळ लावायची, सफेदा फासायचा, उन्हात ताणायचा. लग्नाआधी शाळेत तिने चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. तेवढ्या पुंजीवर ती तेलरंगात उतरली. नळ्यांतले रंग कोण आणून देणार? पण ज्या तेलात रंग घोटतात ते तर घरातच गळत होतं.

घाण्याचे हंगाम वासावरून कळत. भुईमुगाचा वास सगळ्या गल्लीला भूक लावणारा. करडईचा उग्र, नाकात बसणारा. आणि थंडी सरता सरता जवस येई, तेव्हा घरातले पडदे, पाटीदप्तर, माझ्या वेण्या, सगळ्याला तोच वास. घाण्याची करकर सकाळी सुरू होई ती दुपारी थांबे, आणि थांबली की कान एकदम मोकळे झाल्यासारखे वाटत. गरम पेंडीचे तुकडे आम्ही खिशात घालून फिरत असू. जवसाची चटणी पाट्यावर वाटून झाली की आई पाटा धुवून टाकायची आणि दुसऱ्या, लहान दगडावर रंग घोटायला बसायची. गेरू, पिवडी, सफेदा, नीळ. बाटलीच्या बुडाने गोल गोल घोटत राहायची. चटणीला आणि समुद्राला एकच तेल. आण्णा म्हणायचे, "बघा बाबांनो, ताटात काय वाढतीया ते नीट बघून खावा."

काळा रंग मात्र ती स्वतः धरायची. दिव्यावर पत्रा उपडा ठेवून जमलेली काजळी कोंबडीच्या पिसाने हळूच उतरवायची. ती काजळी कड्यासाठी. चित्रातलं बाकी सगळं कधी ना कधी वाळे, कडा वाळतच नसे. काजळी तेल पिऊन बसते आणि वरून नुसती साय धरते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की कड्याला बोट लावलं तर बोट काळं होतं आणि पाठीत धपाटा बसतो.

आता आमच्या संध्याकाळीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलं आहे. आमचं घर जैनांचं. दिवस असेतो जेवायचं, बुडाल्यावर ताटाला शिवायचं नाही. त्यामुळं संध्याकाळ म्हणजे आमच्याकडं धांदल. ऊन कलंडलं की आईची भाकरी तव्यावर, आमचे पाट मांडलेले, आण्णा हात-पाय धुवून आलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "दिवस हाय का अजून?" दुसऱ्यांच्या घरी लोक मावळतीला अंगणात खुर्ची टाकून बसत. आमच्याकडं सूर्यास्त गाठायचा असे, बघायचा नसे. सगळ्यांचं झालं की आई दोन घास पोटात ढकलायची आणि भांडी घेऊन परसात जायची.

परसात धुण्याचा दगड होता. त्यावर बसलं की समोर आगाशिवाचा डोंगर. थंडीत दिवस बरोबर त्याच्या मागं उतरतो. आकाश पेटलेलं आणि डोंगर तव्याच्या बुडासारखा काळा. आई राखेने भांडी घासत तिकडं बघत राही, हात आपोआप चालत. मी तिच्या मागं भिंतीला टेकून गृहपाठ करायची. ती भिंत आई दर दिवाळीला पिवडीची पिवळी माती घालून चुन्याने रंगवायची. दिवसभराच्या उन्हाने ती तापलेली असे आणि थंडीत पाठ छान शेकून निघायची. त्या भिंतीची ऊब मला आजही पाठीला आठवते.

समुद्र आईने आयुष्यात एकदाच पाहिला. गावातल्या बायकांची यात्रा निघाली होती, एक बस भरून. येताना बस कोकणातून आली आणि एका किनाऱ्याशी ऐन दिवस बुडायच्या वेळेला थांबली. झालं, सगळ्यांची जेवायची घाई. आई वाढपी. तिने ती हकिकत इतक्यांदा सांगितलीय की मी त्या बसमध्ये नसूनही मला ती पाठ आहे.

"एका हातात आमटीची पळी, दुसऱ्या हातात भाताचं पातेलं. मागनं बाया वरडाय लागल्या, आक्का, दिवस गेला, वाढ लवकर. एकदा मान वळवली बघ. पाण्यात सूर्व्या, आन् बाजूला ह्यो मोठा कडा, बैल बसल्यागत. पुन्ना वळून बघतोय तर झालंवतं सगळं."

"कडा कसा होता?" मी विचारायची.

"बैलागत."

"रंग कसला होता?"

इथं ती थांबायची. प्रत्येक वेळी थांबायची. "काळाच असणार की गं. सांच्याला डोंगर काळाच असतोय."

यात्रेहून आल्याबरोबर तिने चित्र सुरू केलं. सूर्य झाला, पाणी झालं, आकाश तर असं झालं की शेजारच्या बायका बघून जात. कडा काही केल्या बसेना. ती थोडं मागं सरकून बघायची, मान हलवायची आणि जुन्या उलथन्याने काळा थर खरवडून काढायची. पुन्हा काजळी, पुन्हा तेल. कधी निळीचा हात, कधी हिरवट. पंधरा दिवस बरं चाले आणि मग एखाद्या दुपारी परसातून खर्र खर्र आवाज येई. तो आवाज आला की मी समजायची, आज आईशी बोलायचं नाही. आण्णा मात्र काडी टाकायचेच. "ह्यो समुद्र हाय का डांबराचं पिंप सांडलंय गं?"

"आवं, तुमी गप बसा. काय तरी चुकतंय."

"हंगाम सरू दे, तुला पुन्ना न्हेतो समुद्राला. पोटभर बघ."

भुईमूग सरला की करडई येई, करडई सरली की जवस. आण्णांचा हंगाम शेवटपर्यंत सरला नाही. त्यांच्यामागं आईने चित्र चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि माझ्याबरोबर सांगलीला आली. कड्याचं नाव तिने काढलं नाही, पण कुठल्याही कॅलेंडरवर समुद्र दिसला की ती पान अगदी डोळ्याशी नेऊन बघे. नारळीची झाडं, होड्या. कडा नसे.

गेल्या थंडीत आमच्या कारखान्याची सहल कोकणात गेली. संध्याकाळी सगळे वाळूवर फोटो काढण्यात गुंग. मी नेहमीप्रमाणं एका जागी थांबेना, चालत चालत पुळणीच्या टोकाला गेले आणि वळून पाहिलं, तर समोरचा कडा पेटला होता. लालभडक, तांबूस, मध्ये मध्ये हळदीसारखा पिवळा. काळं काही नव्हतंच. मी तिथंच उभी राहिले. आमच्याकडं दिवस डोंगराच्या मागं जातो, म्हणून डोंगर काळा पडतो. इथं डोंगराची पाठ देशाकडं होती आणि छाती समुद्राकडं. सूर्य त्याच्या मागं जातच नव्हता, तोंडावर येऊन बुडत होता. एवढी साधी गोष्ट. देशावरच्या माणसाला ती सुचणारच नाही, कारण सांजेला डोंगर काळा होतो हे आम्हाला विचारावंही न लागण्याइतकं ठाऊक असतं. मला रडू आलं. मग मी फोनवर एक फोटो काढला.

तो फोटो तेव्हापासून फोनमध्येच होता. सांगावं, तर आईने इतक्या वर्षांत घोटलेली सगळी काजळी एका वाक्यात वाया जाणार. न सांगावं, तर ती स्वतःच्या हाताला दोष देतच राहणार. "चल, तुला समुद्राला नेते," असं एकदा म्हणून पाहिलं. "आता कशाला?" ती म्हणाली, "समुद्र मधीच असतोय, आन् मला मधलंच दिसत न्हाई." मग डोळे वेगाने जायला लागले आणि तिने कड्याचा ध्यास घेतला. मी मात्र घरात येरझाऱ्या घालत होते. ती म्हणायची, "बस की गं जरा, फरशी झिजवालीयास."

मलकापूरला पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. रिकाम्या घरात आमचेच आवाज आमच्या अंगावर येत होते. मी माळ्यावर चढून चित्र आणि रंगांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. चादर सोडली तसा तोच वास आला, जुना, दाट झालेला. आकाशाला कुठं कुठं भेगा गेल्या होत्या. कड्याला आईने अंगठा लावला. वरची साय सुरकुतली होती, दाबल्यावर आतून अजून मऊ लागत होतं. तिने अंगठा काळा झाला की नाही ते वास घेऊन पाहिलं.

"मेला अजून ओलाच हाय," ती म्हणाली आणि हसली.

चित्र परसात न्यायला लावलं. धुण्याच्या दगडाला ते टेकवलं, शेजारी ती बसली, तिच्या जुन्या जागी, तोंड आगाशिवाकडं. मी पायरीवर डबा ठेवला. भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, जवसाची चटणी. सूर्य डोंगराच्या डोक्यावर टेकायला आला होता.

"आई, दिवस बुडाय आलाय. आधी जेवून घे."

ती ऐकत नव्हती. तिने उलथनं मागून घेतलं आणि खरवडायला लागली. खर्र खर्र. आता हिने पुन्हा काजळी मागितली तर? पुन्हा काळा कडा, आणि हे शेवटचं. मी खिशातला फोन बाहेर काढला, आत ठेवला, परसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले. सांगायचंच असं ठरवून तिच्यापुढं उभी राहिले.

"आई, ऐक—"

"सरक," ती म्हणाली.

तिने डोंगराकडं पाहिलं. सूर्य बघायचा तर तो पळणार, म्हणून तिने सवयीने मान वळवली. थोडी वळवली, मग आणखी थोडी. आणि तशीच थांबली.

"हे काय पेटलंय गं?"

मी दचकून तिच्या मागं पाहिलं. मागं काहीच पेटलं नव्हतं. आमची भिंत होती, पिवडीची, पोपडे आलेली. तिच्यावर मावळतीचं ऊन पडलं होतं आणि ती नखशिखांत लाल झाली होती. जिथं पोपडे उडाले होते तिथं आतले जुने थर दिसत होते, एक पिवळा, एक गेरूच्या अंगाचा, एक जवळजवळ केशरी. मी गृहपाठ करायची ती जागा. मी तिला पाठ लावून बसत होते आणि आई पाठ करून भांडी घासत होती, आणि भिंत रोज अशी पेटत होती.

आई उठली. माझा हात न धरता भिंतीपाशी गेली आणि दोन्ही तळवे टेकवले.

"दिवस तिच्या तोंडावर हाय," ती हळूच म्हणाली. "कडा बी असाच असणार. त्येच्या मागं कुठं जातोय दिवस? म्होरंच बुडतोय की." मग माझ्या कानाकडं बघत, म्हणजे थेट माझ्याकडं बघत, "तू समुद्राला गेलीवतीस न्हवं? असाच असतोय का?"

"असाच असतो," मी म्हणाले. "फोटो आहे माझ्याकडं. गेल्या थंडीपासून."

"आन् मूग गिळून बसलीवतीस व्हय?"

"काय सांगणार होते? सगळं चुकलंय म्हणून?"

"चुकलंय कुठलं?" आई जवळजवळ भांडायलाच उठली. "आगाशिव काळाच हाय की! आगाशिव बरोबर काढलाय म्या. फकस्त समुद्राच्या काठाला न्हेऊन बसवला बिचाऱ्याला."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ती मात्र कामाला लागली होती. "पोपडा काढ," म्हणाली. मी नखाने, मग किल्लीने भिंतीचे पोपडे उचकटले आणि तिच्या पदरात टाकले. धुण्याच्या दगडावर तिने ते बाटलीच्या बुडाने बारीक केले, ट्रंकेतला गेरू मिसळला, वरून जवसाचं तेल सोडलं. गोल गोल, गोल गोल. घाणा थांबल्यावर दुपारी ऐकू यायचा तसा तो घोटण्याचा आवाज. ब्रश तिने मागितलाच नाही. खरवडलेल्या कड्याच्या कडा तिला अंगठ्याला लागत होत्या, वशिंडाचा उंचवटा, खाली पाण्यात उतरलेला गुडघा. त्या वाटेने ती रंग लावत गेली.

आगाशिव काळा झाला. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत कौलांपाशी गेलं आणि विझलं. दिवस बुडाला होता. पायरीवरचा डबा तसाच बंद होता. आईच्या आयुष्यात अशी वेळ मी कधी पाहिली नव्हती.

"आज उपास," ती हात पुसत म्हणाली. मग मला विचारलं, "तू बसलीयास का उभी हाईस?"

मी बसले होते. कधी बसले ते कळलं नव्हतं. पाठ भिंतीला टेकली होती आणि भिंत ऊन होती. उठावंसं वाटत नव्हतं. कुलूप लावायचं होतं, गाडी काढायची होती, सगळं होतं, पण मी ती ऊब संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.

आता चित्र सांगलीच्या घरात आहे, पश्चिमेच्या खिडकीशेजारी. मलकापूरच्या त्या घराचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. आईला आता कडेचंही धुरकट दिसतं. रोज ती येता-जाता कड्याला अंगठा लावून बघायची आणि मी स्वयंपाकघरातून तिच्याकडं बघत उभी राहायची, उलथनं मागते की काय या धास्तीने.

काल संध्याकाळी तिने अंगठा लावला, दाबला, चोळला आणि नाकाशी नेला.

"वाळला," ती म्हणाली.

आणि खिडकीकडं तोंड करून, जेवणाचा पाट पायाने चाचपत विचारलं, "दिवस हाय का गं अजून?"

"हाय, आई," मी म्हणाले. "बस. वाढते."